दडीचं उत्तर

दातांचे डॉक्टर इतके लाजाळू होते की हा धंदा त्यांनी मुद्दाम निवडला असावा, असं त्यांची ताई म्हणायची. "समोरच्याचं तोंड उघडं, पण त्याला बोलता येत नाही. याला आणखी काय हवं?" ताई त्यांच्याहून मोठी. यजमान गेल्यावर ती भावाकडे राहायला आली आणि हळूहळू दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीचा ताबा तिच्याकडे गेला. कोणाला आधी आत सोडायचं आणि कोणाला उगीच कुरकुरतो म्हणून बसवून ठेवायचं, ते तीच ठरवायची. डॉक्टर स्वतः लग्नाच्या भानगडीत कधी पडले नव्हते. विचारायचं कसं, इथेच त्यांचं घोडं अडलं होतं.

दवाखाना म्हणजे तळमजल्यावरच्या त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत खुर्ची, खुर्चीवर वाकलेला दिवा, थुंकायचं बेसिन, आणि खुर्चीत बसणाऱ्याच्या बरोबर समोर येणारी मोठी खिडकी. खिडकीबाहेर कॉलनीची कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे पाणथळ. नवा पेशंट घाबरला की डॉक्टर खुर्ची थोडी वर करत आणि पुटपुटत, "बाहेर बघा." बाहेर लव्हाळी वाऱ्याने एका अंगाला कलत, पुन्हा सरळ होत. पेशंटचे खांदे सैल पडत. सुई टोचण्याआधी डॉक्टर वापरत ती भूल एवढीच.

खिडकीच्या कट्ट्यावर साबणाच्या वडीएवढा एक स्पीकर असे. रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी डॉक्टर खिडकी लावून घेऊन तो चालू करून बघत. आधी दोन कोरडे टोले, कोणी लाकडावर नख मारावं तसे. मग एक उतरत जाणारी किणकिण, फरशीवर पडलेलं झाकण गोल गोल फिरत शेवटी बसावं तशी.

"आधी त्याला गप्प कर, मग चहा माग," ताई स्वयंपाकघरातून म्हणे.

ती हाक दडीची होती. दडी म्हणजे लव्हाळ्यात राहणारा एक तपकिरी पक्षी, कोंबडीच्या पिल्लाहून जरासा मोठा. माणसाच्या नजरेला तो जवळजवळ कधीच पडत नाही. तो आहे की नाही हे कानांनीच ठरवावं लागतं, आणि त्याची एक पद्धत आहे. नोंदवून ठेवलेली हाक लव्हाळ्याच्या कडेला वाजवायची आणि गप्प उभं राहायचं. आपल्या जागेत कोणी परकी दडी घुसली असं वाटून तिथली दडी उत्तर देते. या पद्धतीला एक पथ्य आहे. हाक थोडीच वाजवायची, आणि एकाच ठिकाणाहून सारखी सारखी तर मुळीच नाही. कारण दडी नुसतं उत्तर देऊन थांबत नाही. ती घरटं सोडून, जिकडून हाक येते तिकडे चालू लागते.

डॉक्टरांना हे पथ्य पाठ होतं. कित्येक वर्षं त्यांनी ते पाळलं होतं.

पाणथळ एके काळी थेट हमरस्त्यापर्यंत होती. पुढचा भाग बुजवून तिथे ही कॉलनी झाली. मधल्या भागावर गोदामं आली. आता उरलेल्या तुकड्यावर एका कंपनीचा ट्रकतळ होणार होता. रोज सकाळी डंपर येत, लाल माती ओतत आणि मागे सरकताना बीप बीप करत. कंपनीने करून घेतलेल्या पाहणीत म्हटलं होतं की इथे दडी आढळली नाही. डॉक्टरांनी ती पाहणी करणाऱ्या माणसाला पाहिलं होतं. तो गाडीतून उतरलासुद्धा नव्हता.

मग डॉक्टरांनी अर्ज केले, खेटे घातले. साहेब बैठकीला गेलेले असत, किंवा बैठकीहून यायचे असत. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. ज्या माणसाला साध्या दुकानात सुटे पैसे मागायला अवघड जातं, तो खिडकीखिडकीशी उभा राहून तेच तेच सांगत होता. आपलं चुकत तर नाही ना, असं त्यांना दर वेळी वाटे. परत येताना ते मनातल्या मनात सगळं भाषण नीट जुळवत, आणि तेव्हा ते उत्तम जुळे.

शेवटी पाणथळींबाबत निर्णय देणाऱ्या समितीसमोर सुनावणी मिळाली. लांबलचक टेबल, गार खोली, आणि सगळ्यांसमोर पाण्याच्या बाटल्या. कंपनीचा अभियंता तरुण, हसतमुख आणि भयंकर नम्र होता. त्याच्यावर धड रागावताही येत नसे.

"डॉक्टरसाहेबांचा आम्हाला आदरच आहे," तो म्हणाला. "पण साहेब राहतात ती कॉलनीसुद्धा भरावावरच उभी आहे ना? तेव्हाच्या पक्ष्यांनी स्वतःची काहीतरी सोय केलीच असेल."

टेबलाभोवती हसू फिरलं. डॉक्टरांचे कान तापले. आजवर रोज खिडकीशी उभं राहून त्यांनी स्वतःला तोच प्रश्न विचारला होता.

अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. "डॉक्टर, तुमची तळमळ कळते," त्या म्हणाल्या. "पण आम्हाला पुरावा लागतो. हद्दीच्या आत जिवंत दडीचं उत्तर मिळवा. आम्ही स्वतः येऊन ऐकू. तोपर्यंत शेवटच्या लव्हाळ्याला कोणी हात लावायचा नाही. नाही मिळालं, तर मग विषय संपला."

हद्द म्हणजे समितीपुढचा नकाशा. तो इतका जुना होता की त्यात कॉलनीची जागासुद्धा पाणथळीच्या निळ्या रंगाचीच होती. ते बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर पहाटे उठून भिंतीतल्या दारातून पलीकडे जाऊ लागले. गुडघाभर बूट घालून कडेने हळूहळू जायचं, हाक वाजवायची, श्वास धरून उभं राहायचं. लव्हाळी सळसळत. बेडूक बोलत. पाणकोंबड्या ओरडत. दडी काही बोलत नसे. गेल्या वर्षी याच जागेवर तिने पहिल्याच हाकेला उत्तर दिलं होतं, हे डॉक्टरांना पक्कं आठवत होतं. की आठवल्यासारखं वाटत होतं? अशी शंका मनात आली की ते दिवसभर चिडलेले राहत, आणि राग बाहेर काढता येत नसल्यामुळे औजारं नको इतकी घासत बसत.

अभियंता बांधावर भेटे. "काही मिळालं का, सर?" तो अगदी आपुलकीने विचारे. "थर्मासमध्ये कॉफी आहे. घेता?"

डॉक्टर कॉफी घेत. नाही म्हणायला त्यांना जमत नसे. घरी येईपर्यंत तळपायाची आग मस्तकात गेलेली असे.

पाऊस लांबत चालला होता. माती रोज पुढे सरकत होती. आणि एका दुपारी, तिसऱ्यांदा कोणीतरी फोनवर "साहेब बैठकीत आहेत" असं सांगितल्यावर, डॉक्टरांनी आयुष्यात क्वचितच केली असेल अशी गोष्ट केली. त्यांनी रागाच्या भरात स्पीकर खिडकीत ठेवला, तोंड पाणथळीकडे केलं आणि हाक पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी लावून टाकली.

"अरे, असं करायचं नसतं ना?" ताईने दारातून विचारलं. "तूच सांगायचास."

"माहिती आहे मला काय करायचं नसतं."

ताई आल्या पावली मागे फिरली. तो तिच्याशी अशा आवाजात कधी बोलत नसे.

त्या दिवसापासून हाक दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ वाजू लागली. खुर्चीत माणूस, वर दिवा, डॉक्टरांच्या हातात आरसा, आणि खिडकीत दोन टोले आणि किणकिण. पेशंट सुरुवातीला हसत, मग त्यांना सवय झाली. वरच्या मजल्यावरचे अप्पा, निवृत्त हिशेबनीस, दाढेसाठी खेपा घालत होते. त्यांना विषयच मिळाला.

"डॉक्टर, तुमची ती बाई पत्ता न ठेवता गेली," ते म्हणत. "आणि तुम्ही कंपनीला कशाला बोल लावता? तुम्हीही भरावच टाकता की. माझ्या दाढेत."

डॉक्टर कसनुसं हसत आणि अप्पांच्या तोंडात कापसाचा बोळा सरकवत. आपल्या धंद्याचा हा एक फायदा त्यांना मनापासून पटलेला होता.

याच सुमारास लोक घशाची तक्रार सांगू लागले. आधी बेकरीवाला. "दात ठीक आहे डॉक्टर, पण घशात काहीतरी बसल्यासारखं वाटतंय. दुखत नाही. नुसतं बसलंय." डॉक्टरांनी दिवा वळवून पाहिलं. घसा स्वच्छ होता. गुळण्या करा म्हणून त्यांनी सांगितलं. मग मागच्या इमारतीतल्या शाळेच्या बाई. मग त्यांच्या सासूबाई. कॉलनीभर धूळ उडत होती, डंपरची जा-ये चालू होती. डॉक्टरांनी धुळीवर ठपका ठेवला आणि तोही एक मुद्दा म्हणून मनात नोंदवला.

एक गोष्ट मात्र त्यांना धुळीत बसवता येईना. दातांच्या डॉक्टरला तोंडाचे वास ओळखता येतात. किडलेल्या दाताचा निराळा, सुजलेल्या हिरडीचा निराळा, उपाशी पोटाचा निराळा. बेकरीवाल्याच्या तोंडाला यातला कुठलाच वास नव्हता. गार चिखल, कुजलेला पाला आणि साठलेलं पाणी. पहाटे भिंतीपलीकडे पाऊल टाकलं की पहिल्यांदा यायचा तो वास. डॉक्टरांनी मास्क बदलला. बुटांचा वास नाकात राहिला असेल, असं म्हणून त्यांनी बूट दवाखान्यातून हलवले.

मग अप्पांच्या दाढेचा शेवटचा दिवस आला.

भर दुपार होती. अप्पा खुर्चीत आडवे, तोंड पूर्ण उघडं, दोन्ही गालांत कापूस. डॉक्टरांच्या डाव्या हातातला आरसा जिभेवर टेकलेला होता. खिडकीतल्या स्पीकरने हाक दिली. डॉक्टरांचं तिकडे लक्षही नव्हतं. किणकिण उतरत उतरत थांबली.

आणि उत्तर आलं.

ते खिडकीतून आलं नव्हतं. ते आरशाच्या खालून आलं.

दोन टोले, आणि मग ती उतरती किणकिण. जवळून, ओली, जिवंत. आरशावर वाफ धरली. डॉक्टर एवढ्या जवळ वाकलेले होते की त्यांना सगळं दिसत होतं. अप्पांची जीभ जागची हलली नव्हती. पडजीभ स्थिर लोंबत होती. घशाचे स्नायूसुद्धा हलले नव्हते. त्यामागे नेहमीचा काळोख होता, आणि आवाज त्या काळोखातून येत होता, लव्हाळ्याच्या दाटीतून यावा तसा.

अप्पा शांतपणे खिडकीबाहेर बघत होते.

डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला. "अप्पा, काही म्हणालात का?"

अप्पांनी भुवया उंचावल्या. कापूस काढल्यावर, चूळ भरल्यावर ते म्हणाले, "मी काय बोलणार? अर्धा दवाखाना माझ्या तोंडात होता."

बेसिनमधलं पाणी गढूळ होतं. दाढेची पूड, डॉक्टरांनी स्वतःला सांगितलं. त्यांनी ते पाणी बराच वेळ सोडलं.

अप्पांना नक्कल करायची हौस होती. कॉलनीतल्या प्रत्येकाची ते नक्कल करत. पण तोंड उघडं ठेवून, जीभ न हलवता? डॉक्टर जबड्याची रचना कोळून प्यायले होते. त्यांनी त्या संध्याकाळी आरशासमोर उभं राहून प्रयत्न करून पाहिला. साधा एक टोलासुद्धा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी ते ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. "वयाच्या मानाने कान उत्तम आहेत," तो मित्र म्हणाला. "कशाला आलास?" डॉक्टर म्हणाले, "सहज."

मग त्यांनी हाक सारखी वाजवणं बंद केलं आणि शांत डोक्याने, पद्धतशीर पाहिलं. पेशंट खुर्चीत बसला, तोंड उघडलं, की एकदाच हाक वाजवायची. हमरस्त्यापलीकडून येणारे पेशंट होते. त्यांच्याकडून काही आलं नाही. कॉलनीतला जो कोणी बसला, त्याच्याकडून उत्तर आलं. बेकरीवाल्याकडून आलं. शाळेच्या बाईंकडून आलं, दोन आवाजांत. त्यांच्या सासूबाईंकडून तर हाक पुरी व्हायच्या आतच आलं. कोणालाही आपण काही केलं असं वाटत नव्हतं. "झालं का?" एवढंच ते विचारत.

डॉक्टरांनी एकाचं ध्वनिमुद्रण केलं. कोणाचं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ते त्यांनी समितीच्या पक्षीतज्ज्ञांना पाठवलं, कारण त्यांना एकदा दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं की हे काही नाही.

तज्ज्ञांचा फोन लगेच आला. "दडीच आहे, शंका नको," ते उत्साहाने म्हणाले. "पण इतक्या जवळून कशी काय मिळाली तुम्हाला? मागे पाणीसुद्धा ठिबकतंय. कुठे होती?"

"हद्दीत," डॉक्टर म्हणाले.

त्यात खोटं काही नव्हतं. तरी तो शब्द त्यांना दिवसभर टोचत राहिला. इतके महिने ज्या पुराव्यासाठी नाकी नऊ आले, तो त्यांच्या हातात होता आणि तो कुणाला दाखवण्यासारखा नव्हता. समितीची पाहणी ठरली. डॉक्टरांनी मनाशी पक्कं केलं की लव्हाळ्यात जाऊन खरी दडी शोधायची. शेवटचा तुकडा अजून उभा होता. तिथे एक तरी असेल, आणि मग या बाकीच्याचा विचारच करावा लागणार नाही.

पाहणीच्या आदल्या सकाळी ते भिंतीतल्या दाराशी गेले. दार उघडेना. पलीकडून माती टेकली होती.

त्यांनी खुर्ची आणून भिंतीवरून पाहिलं. लव्हाळी नव्हती. भिंतीपासून गोदामांपर्यंत सपाट लाल माती पसरली होती. एका कोपऱ्यात मातीतून पाणकणसाचं एक टोक वर आलेलं होतं.

"चूक झाली, सर," अभियंता म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर पडलेला होता, आणि तेच डॉक्टरांना सहन होईना. "ड्रायव्हर नवा होता. खुणेचा दोर त्याला दिसला नाही. मला फार वाईट वाटतंय."

डॉक्टरांनी कार्यालयात फोन केला. तक्रार लेखी द्या, असं तिकडून सांगण्यात आलं.

ताईने त्या दिवशी पेशंट परत पाठवले. डॉक्टर खुर्चीत बसून होते, स्वतःच्याच, पेशंटच्या खुर्चीत, आणि समोर खिडकी होती. रडू येत नव्हतं. नुसते दात आवळलेले होते. असे दात आवळू नयेत, झिजतात, असं ते लोकांना नेहमी सांगत.

पाहणीला अध्यक्षबाई आल्या, तज्ज्ञ आले, अभियंता होता. सगळे मातीवर उभे राहिले. ऊन चढलं होतं. कॉलनीतले लोक गॅलऱ्यांमध्ये आणि भिंतीशी जमले होते, काय चाललंय ते बघायला. अप्पा होते, बेकरीवाला होता, शाळेच्या बाई होत्या. भिंतीच्या टोकाशी ताई उभी होती.

"हे कधी झालं?" अध्यक्षबाईंनी मातीकडे बघत विचारलं.

अभियंत्याने ड्रायव्हरचं सांगितलं. बाईंच्या कपाळावर आठी पडली, पण त्या म्हणाल्या, "झाल्यावर आता काय? डॉक्टर, पक्षीच नसेल तर आम्ही कशाचं रक्षण करणार?"

डॉक्टर सांगायला तयार होते. काही उरलं नाही, तुम्ही उशीर केलात, आपण सगळ्यांनी उशीर केला. वाक्यं त्यांनी नेहमीसारखी जुळवून ठेवली होती. ती त्यांच्या तोंडून निघेनात.

"आलोच आहोत तर वाजवा एकदा," बाई म्हणाल्या. "फाइल बंद करायला बरं."

समिती मातीकडे तोंड करून उभी होती. डॉक्टर त्यांच्यासमोर, कॉलनीकडे तोंड करून. त्यांनी स्पीकर हातात धरला आणि कळ दाबली.

दोन टोले. किणकिण.

वारा पडलेला होता.

भिंतीशी उभ्या असलेल्या माणसांची तोंडं किंचित उघडी होती. उन्हात डोळे बारीक करून बघताना माणसांची असतात तशी.

मग उत्तर आलं.

एक. मग त्याच्या डावीकडून दुसरं. मग गॅलरीतून. मग सगळीकडून.

ओठ कोणाचेच हलत नव्हते.

"अरे, आहेत की," तज्ज्ञ कुजबुजले. त्यांनी कानामागे हात धरला होता आणि ते मातीकडेच बघत होते. दडीच्या आवाजाची दिशा कळत नाही, असं सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. "अहो, किती आहेत. मातीखालून येतोय का आवाज?"

अभियंत्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो एक पाऊल मागे सरला.

डॉक्टर ताईकडे बघत होते. तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. पण तिच्या गळ्याखालची जागा हलत होती, बारीक, भरभर.

अध्यक्षबाईंनी तिथेच काम थांबवायला सांगितलं. माती उचलायची, पाणी पुन्हा येऊ द्यायचं, हद्दीभर कोणी काही बांधायचं नाही. "ही जागा दडीची," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला. "तुमच्या चिकाटीला मानलं." डॉक्टरांनी मान हलवली. ज्यासाठी एवढं झुरले ते मिळालं होतं, आणि आनंद व्हावा म्हणून ते वाट बघत उभे राहिले. तो आला नाही.

घरी आल्यावर त्यांनी ताईला खुर्चीत बसायला सांगितलं.

"मला काय झालंय?" ती म्हणाली.

"काही नाही. तोंड उघड. बघू दे."

ताई बसली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली, लहानपणी त्याने हट्ट केला की बघायची तशी. तिच्या आवाजात राग नव्हता.

"राहू दे रे," ती म्हणाली. "आता आणखी कुठे हलवतोस तिला?"

ती चहा टाकायला आत गेली. डॉक्टर बराच वेळ दिवा न लावता उभे राहिले. मग त्यांनी स्पीकर कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुन्हा त्याची गरज पडली नाही.

काही दिवसांनी भिंतीपलीकडे माती उचलायचं काम सुरू झालं. पहिल्या सकाळी दोन माणसं संरक्षित क्षेत्राची पाटी ठोकत होती. कॉलनीच्या अंगणात रोजचीच वर्दळ होती. बेकरीवाला पावाचे ट्रे उतरवत होता. शाळेच्या बाई रिक्षाची वाट बघत होत्या. अप्पा पेपर वाचत फेऱ्या मारत होते आणि दाढ आता कशी लोण्यासारखी चालते, हे ताईला सांगत होते. डॉक्टर पाटी बघायला निघाले होते.

तेवढ्यात वरून एक घार गेली. तिची सावली इमारतीच्या कोपऱ्यावरून अंगणात उतरली आणि फरशीवरून सरकू लागली.

अप्पा वाक्याच्या मध्येच थांबले. बेकरीवाल्याचे हात ट्रेवर थांबले. शाळेच्या बाई थांबल्या. ताईची मान किंचित खाली गेली. अंगणात कोणीच हलत नव्हतं. पलीकडे पाटी ठोकणारे दोघे मात्र आपल्या गप्पांत होते. त्यांचा हातोडा चालू होता.

सावली अंगण ओलांडून भिंतीवर चढली आणि पलीकडे गेली. अप्पांनी राहिलेलं वाक्य पुरं केलं. ट्रे खाली आले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

डॉक्टर हे सगळं नीट बघत होते, एकेकाचा चेहरा, एकेकाचे हात. मग त्यांच्या लक्षात आलं की आपला उजवा पाय अजून जमिनीला टेकलेला नाही.